बारावी झाली की लगेच मेडिकल? तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात शेवटी सहज एक ओळ टाकली होती, मेडिकल ॲडमिशनबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा म्हणून, आणि तेव्हापासून पत्रं, मेल, शेजारच्या वहिनींनी जिन्यात गाठून विचारलेले प्रश्न असं सगळं चालूच आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी तीसेक वर्षं सरकारी मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवली. बारावीचा युनिफॉर्म नुकता उतरवलेली पोरं पहिल्या दिवशी ज्या टेबलापाशी येऊन उभी राहतात त्या टेबलाच्या पलीकडे मी असायचे. त्यामुळे ॲडमिशन मिळायच्या आधीचं आईबापांचं टेन्शनही बघितलंय आणि मिळाल्यानंतर पोरांचं काय होतं तेही. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, सहा निवडलीत, नावं काढून टाकलीत. पत्रांत येणारी नीट म्हणजे मेडिकलची देशभराची प्रवेशपरीक्षा, ७२० मार्कांची, आणि बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाची पदवी.

मॅडम, माझ्या मुलाला यंदा नीटमध्ये ३५६ पडले. बायोलॉजी २४४, केमिस्ट्री ७१, फिजिक्स ४१. ओबीसी आहोत. घरात सगळे म्हणतात वर्ष वाया घालवू नका, बीएएमएस घ्या. तो म्हणतो रिपीट करणार. बीएएमएसला ॲडमिशन घेऊन ठेवून सोबत नीटची तयारी केली तर? – एक आई, बार्शी

ताई, आधी ते "वर्ष वाया" घरातून हद्दपार करा. पहिल्या वर्षाच्या नव्या बॅचला मी दरवेळी विचारायचे, बारावीनंतर थेट आलेले कितीजण, हात वर करा, आणि गेल्या काही वर्षांत तर वर्गातले निम्मे हातसुद्धा वर यायचे नाहीत. बाकीचे एक वर्ष, दोन वर्षं थांबून आलेले. आणि ती थांबलेली पोरं मागे पडायची असंही नाही, उलट पहिल्या टर्मला जरा शांत असायची, घरापासून लांब राहायची सवय लागलेली असायची. नीटला अटेम्प्टची मर्यादा नाही, आणि वयाची वरची अट होती ती २०२२ मध्ये काढून टाकली. म्हणजे नियम तुमच्या मुलाला घाई करत नाहीयेत, घाई आपल्या नात्यागोत्यातल्या लोकांना आहे.

पण म्हणून रिपीट करच असंही मी लगेच म्हणणार नाही. मार्क नीट बघू या. बायोलॉजी ३६० पैकी २४४ म्हणजे पोरगा अभ्यास करतो, पाठ करतो, त्याला ते आवडतंय. फिजिक्स १८० पैकी ४१. आता हे ४१ कसे आले ते बघा, तुम्ही पत्रासोबत त्याच्या उत्तरांचा हिशोब पाठवलाय म्हणून सांगते: ४५ पैकी १६ बरोबर, त्याचे ६४, आणि २३ चुकले, त्याचे उणे २३, सहा सोडले. यंदाचा फिजिक्सचा पेपर भल्याभल्यांना रडवून गेला हे खरं, त्यात २०२५ पासून ऑप्शनचे जादा प्रश्न गेले आणि वीस मिनिटंही गेली, आता १८० प्रश्न आणि १८० मिनिटं, तरीपण ३९ सोडवून २३ चुकणं हा नुसता पेपरचा दोष नाही. त्याला सांगा ओएमआरची, म्हणजे त्याच्या उत्तरपत्रिकेची, कॉपी आणि आन्सर की समोर ठेवून त्या २३ चे तीन ढीग कर. सूत्रच माहीत नव्हतं ते एकीकडे, सूत्र माहीत होतं पण आकडेमोडीत घसरला ते दुसरीकडे, आणि वेळ संपत आली म्हणून गोळे काळे केले ते तिसरीकडे. दुसरा आणि तिसरा ढीग मोठा निघाला तर वर्षभर थांबण्यात अर्थ आहे, कारण ते सरावाने सुटतं. पहिलाच ढीग मोठा असेल तर अकरावीच्या पुस्तकापासून सुरुवात करावी लागेल, तेही होतं, पण मग तीच बॅच, तोच क्लास, त्याच नोट्स पुन्हा असं करून होणार नाही. क्लाससाठी लातूरला पाठवा की कोटाला पाठवा हा त्यानंतरचा प्रश्न, आणि खरं सांगू का, फिजिक्सला एक चांगला मास्तर बार्शीतच मिळाला तर पोरगं घरचं जेवून अभ्यास करेल.

बीएएमएस घेऊन सोबत नीट, हे मात्र नको. बीएएमएसचं पहिलं वर्ष हलकं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ती पुस्तकं उघडून बघावीत, संस्कृत आहे, रचना शारीर आहे, डिसेक्शन आहे, रोजची हजेरी आहे. दोन्हीकडे अर्धं अर्धं होतं. आयुर्वेद मनापासून करायचा असेल तर जरूर घ्या, तो काही उरलासुरला कोर्स नाही. नुसतं सीट धरून ठेवायला घेणार असाल तर आधी सीट सोडायचे नियम आणि दंड वाचा, मग ठरवा.

मुलगी हुशार आहे, एक वर्ष लवकर शाळेत घातली होती. जन्म जानेवारी २०१०. आता बारावीला आहे. २०२६ ला नीट देता येईल ना? – वडील, इचलकरंजी

नाही येणार. ज्या वर्षी ॲडमिशन त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण हवीत. तिची जानेवारी २०२७ ला होतील, म्हणजे थोडक्यात हुकलं. यात कोर्टकचेरी करत बसू नका. बारावी छान होऊ द्या, मग एक वर्ष निवांत तयारी करून २०२७ ला बसवा. तुम्ही तिला एक वर्ष पुढे ढकललं होतं, ते वर्ष आता परत मिळतंय एवढंच.

मी सावंतवाडीची. दहावी गोव्यात मावशीकडे राहून केली, अकरावी-बारावी इथे. डोमिसाईल महाराष्ट्राचं आहे. गोव्याच्या कोट्यात मी बसत नाही हे तिथे विचारून आलोय. आता क्लासमधले सर म्हणतात तुला महाराष्ट्रातही स्टेट कोटा मिळणार नाही. हे खरं आहे का? खूप रडू येतंय. – विद्यार्थिनी

बाळा, सर बरोबर सांगतायत, आणि हे तुला कुणीतरी दहावीच्या आधी सांगायला हवं होतं. आपल्याकडे सरकारी कॉलेजातल्या ८५ टक्के जागा राज्याच्या, आणि त्यासाठी डोमिसाईल तर लागतंच पण दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. दोन्ही. सरकारी नोकरीत असलेल्यांच्या मुलांना, बदल्यांमुळे, यात सवलत असते, तेव्हा आई किंवा बाबा राज्य किंवा केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर प्रवेशाच्या माहितीपुस्तकातलं ते कलम काढून वाच, तुझा प्रश्न तिथेच सुटू शकतो. तू घरचा व्यवसाय लिहिलायस म्हणजे बहुतेक ती वाट नाही.

मग उरतं काय? बरंच उरतं. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या, त्या एमसीसी नावाच्या दिल्लीतल्या केंद्राच्या समितीमार्फत भरतात, त्याला तू दहावी कुठे केलीस हे कुणी विचारत नाही. म्हणजे तुमच्याच जिल्ह्यात ओरोसला २०२१ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, तुझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, तिथे तू स्टेट कोट्यातून जाऊ शकत नाहीस पण ऑल इंडियातून जाऊ शकतेस, आणि केरळची एखादी मुलगीही त्याच रांगेतून तिथे येऊ शकते. मजाच आहे. एम्सच्या सगळ्या जागा, नागपूरचं एम्स धरून, याच यादीतून. २०२० पासून एम्सची वेगळी परीक्षा नाही. पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलाचं मेडिकल कॉलेज, आहे, तिथे नीटनंतर इंग्रजी आणि रीझनिंगची वेगळी टेस्ट आणि इंटरव्ह्यू असतो, आणि मग सैन्यात नोकरी, तुला युनिफॉर्म आवडत असेल तर विचार कर. खासगी कॉलेजात इन्स्टिट्यूट कोटा असतो, अभिमत विद्यापीठं असतात, पण त्यांची फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे जाते, ते घरच्यांशी बोलून ठरवायचं.

अवघड झालंय, अशक्य झालेलं नाही. तुझं टार्गेट वर सरकलं आणि ते तुला बारावीच्या सुरुवातीलाच कळलं, काही मुलांना हे कागदपत्रं तपासायच्या टेबलावर कळतं. आणि कोकणातल्या, सीमेवरच्या सगळ्या आईबाबांना माझी हात जोडून विनंती आहे, दहावीला शाळा बदलताना हे डोक्यात ठेवा.

सरकारी एमबीबीएसला नक्की किती मार्क लागतात? प्रत्येक जण वेगळं सांगतो. आणि प्रेफरन्स फॉर्म भरताना मोठी कॉलेजं वर टाकली तर नंबर वाया जातो का? – विद्यार्थी, जालना

किती मार्क हा प्रश्नच चुकीचा आहे रे. २०२४ ला ज्याला ६०० पडले त्याची ऑल इंडिया रँक ऐंशी हजारांच्या आसपास होती. २०२५ ला ६०० पडले तर रँक दीड हजारांच्या आत. मार्क तेच, म्हणजे एका वर्षी पोरगं रडत बसलं आणि पुढच्या वर्षी त्याच मार्कांवर पेढे वाटले. त्यामुळे "दादाला ५८० ला मिळालं होतं" हे ऐकायचं आणि सोडून द्यायचं. बघायची ती रँक, त्यातही राज्याच्या मेरिट लिस्टमधला तुझा नंबर, आणि त्यातही तुझ्या कॅटेगरीतला. आधी तर विभागाचंही होतं, सत्तर-तीसचा फॉर्म्युला, म्हणजे सत्तर टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना आणि तीस बाकीच्यांना, मराठवाड्यातली मुलं त्यावर बोलबोल बोलायची, ते २०२० मध्ये रद्द झालं, आता जालन्याचा मुलगा आणि मुंबईचा मुलगा एकाच यादीत.

नीट क्वालिफाय झालो म्हणून पेढे वाटणाऱ्यांनाही एक सांगते. २०२५ ला ओपनचं क्वालिफाइंग १४४ होतं, ७२० पैकी. बारा लाखांच्या वर मुलं क्वालिफाय झाली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. क्वालिफाय होणं म्हणजे नुसतं मंडपात शिरणं, पंगतीत पान मिळेलच असं नाही.

आता प्रेफरन्स. नाही, नंबर अजिबात वाया जात नाही. कॉम्प्युटर काय करतो, मेरिटप्रमाणे एकेका मुलाला घेतो, त्याची यादी वरून खाली वाचतो, आणि जिथे जागा शिल्लक सापडली ते कॉलेज देतो. तू केईएमचं जीएस, नायर, जेजे, पुण्याचं बीजे सगळं वर टाकलंस आणि ते नाही मिळालं तर तो खाली येतो, बस. तुझ्या पुढे कुणी घुसत नाही. तेव्हा "मिळेल असं" कॉलेज वर टाकायचं नाही, "हवंय ते" वर टाकायचं. दरवर्षी एखादा तरी हुशार पोरगा घाबरून घराजवळचं कॉलेज एक नंबरला टाकतो, ते पहिल्याच राउंडला मिळतं आणि मग डोक्याला हात लावून बसतो.

मार्कांपेक्षा जास्त जागा मी कागदांपायी जाताना बघितल्यात. आरक्षणातून ॲडमिशन घ्यायची तर जातीचा दाखला पुरत नाही, व्हॅलिडिटी लागते, आणि जात पडताळणीचं काम महिनोन्महिने चालतं, त्याचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाकायचा. नॉन-क्रिमिलेयर जुनं चालत नाही, मुदत बघायची. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव वेगळं असतं, कुठे जातीच्या रकान्यात शाई पुसलेली असते, हे सगळं जूनमध्ये निस्तरत बसू नका. तुझी बहीण दहावीला आहे असं लिहिलंयस, तिच्यासाठी एक: ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर २०२४ पासून शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण ती कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या प्रवेश फेऱ्यांतून, घेतलेल्या ॲडमिशनला, मॅनेजमेंट कोट्याला नाही.

आणि बोर्डाकडे दुर्लक्ष करू नकोस. ओपनला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी मिळून ५० टक्के, राखीवला ४० टक्के लागतात, ते सोपं वाटतं म्हणून काही दिवटे प्रॅक्टिकलच बुडवतात.

माझी नात न्यू जर्सीत एडिसनला बारावीत आहे. तिला डॉक्टर व्हायचंय. तिथे म्हणे आधी चार वर्षं कॉलेज, मग मेडिकल. आमच्या सोसायटीतली मुलं बारावी झाली की थेट एमबीबीएस. तिला इकडे पुण्यात बोलावून घेतलं तर वेळ वाचेल ना? – आजोबा, कोथरूड

आजोबा, तुमच्या मनातलं कळलं, नात चार-पाच वर्षं जवळ राहील हाही त्यात भाग आहे आणि तो काही वाईट नाही. पण हिशोब करू. अमेरिकेत साधारण वाट अशी की चार वर्षं बॅचलर्स, मग एमकॅट नावाची परीक्षा, मग चार वर्षं एमडी, म्हणजे तिथली डॉक्टरकीची डिग्री, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं पुढचं प्रशिक्षण. मात्र शाळेतून थेट जायचीही एक अरुंद वाट तिथे आहे, बीएस-एमडी प्रोग्राम. शाळेतूनच एकदम दोन्ही डिग्र्यांसाठी घेतात. ब्राऊन युनिव्हर्सिटीचा आठ वर्षांचा आहे, कॅन्सस सिटीला मिसुरी युनिव्हर्सिटीचा सहा वर्षांचा आहे, आणि तुमच्या नातीच्या घराजवळच, कॉलेज ऑफ न्यू जर्सी आणि रटगर्सचं नेवार्कचं मेडिकल स्कूल यांचा मिळून सात वर्षांचा. जागा अगदी थोड्या, आणि नुसत्या मार्कांवर मिळत नाहीत, हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियरिंग केलंय का, डॉक्टरांच्या मागे फिरलीय का, निबंध कसा लिहिलाय, इंटरव्ह्यूत काय बोलते, सगळं बघतात. सतरा वर्षांच्या मुलीला "तुला डॉक्टर का व्हायचंय" असं समोर बसवून विचारतात. आपल्याकडे एमबीबीएस संपेपर्यंत हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आता इकडे यायचं तर. ती तिथेच जन्मली, म्हणजे अमेरिकन नागरिक, हातात ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते. ते कार्ड कधीचं आहे ते आजच फोन करून विचारा. ४ मार्च २०२१ च्या आधीचं असेल तर सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या निकालाप्रमाणे तिला भारतीय मुलांसारखं सर्वसाधारण जागांसाठी उभं राहता येतं. नंतरचं असेल तर एनआरआय जागा, आणि त्यांची फी ऐकून तुमचा मुलगा म्हणेल बाबा, तिथलंच कॉलेज स्वस्त. दोन्हीकडे नीट द्यावीच लागते, आणि ती परीक्षा एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या ओळीओळीवर असते, तिथल्या शाळेत कितीही हुशार असली तरी ही वेगळी तालीम आहे.

समजा मिळालंही. साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, साडेपाच. मग तिला परत घरी जायचं असेल तर यूएसएमएलई ही अमेरिकेची डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा, आणि रेसिडेन्सीसाठी ती बाहेरून शिकून आलेली डॉक्टर म्हणून रांगेत उभी राहणार, स्वतःच्याच देशात. इथे दोन-अडीच वर्षं वाचवायला जाऊन तिथे रांगेत तेवढीच वर्षं जाऊ शकतात. तिला कायमचं इकडे राहायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते तुम्ही लिहिलंयत, तिने नाही. एकदा तिलाच विचारा ना. सुट्टीत बोलवा, तेवढ्यासाठी नीट लागत नाही.

मी अकरावीत आहे. बाबांनी दोन वर्षांच्या बॅचची फी भरलीय, कर्ज काढून. मला डॉक्टर व्हायचंय की नाही हेच मला माहीत नाही. हे कुणालाच सांगू शकत नाही. – नांदेड

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

पहिली गोष्ट, सोळाव्या वर्षी हे माहीत नसणं नॉर्मल आहे. माझ्या काळी प्रवेशपरीक्षाच नव्हती, बारावीच्या मार्कांवर थेट मिळायचं, मला मार्क पडले म्हणून मी गेले, एवढंच. आवडायला लागलं ते दुसऱ्या वर्षी, वॉर्डात गेल्यावर. माझ्या बॅचमधल्या एकाला ते कधीच आवडलं नाही, तरी त्याने पूर्ण केलं, पुढे बँकेत लागला. बरा आहे तो. पण साडेपाच वर्षं तो रोज सकाळी कसा उठत असेल असं मला आता वाटतं.

दुसरी, तू काय नको म्हणतोयस ते शोध. बायोलॉजी नकोय, की रोज बारा तास तो क्लास नकोय, की माणसांमध्ये राहायला नको वाटतं, की रक्त बघवत नाही? रक्ताची सवय होते, पहिल्या दिवशी चक्कर येऊन पडलेली पोरं पुढे सर्जन झालेली मी बघितलीत. फॉर्मेलीनच्या वासाचीही होते. क्लासचा कंटाळा म्हणजे डॉक्टरकीचा कंटाळा नव्हे, त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण माणसं नको वाटत असतील, कण्हणारं, चिडलेलं, पैसे नसलेलं माणूस समोर आलं की पळून जावंसं वाटत असेल, तर ते मात्र गंभीरपणे घे. आणि वर्षांचा हिशोबही समोर ठेव, साडेपाच वर्षं एमबीबीएस, सरकारीतून केलं तर एक वर्ष बॉण्डची सरकारी सेवा, मग पुन्हा नीट, पीजीची, मग तीन वर्षं. कुठेही अडलं नाही तरी तोवर वय अठ्ठावीस.

बाबांचं. फीचे पैसे गेले असं समजू नकोस, बायोलॉजी-फिजिक्स-केमिस्ट्री शिकून फार्मसी, नर्सिंग, फिजिओ, व्हेटर्नरी, ॲग्री, साधं बीएस्सी असं पुष्कळ काही होतं. गणित सोडलं नसशील तर इंजिनीअरिंगही. बाबांना एकदम "मला व्हायचंच नाही" असं सांगू नकोस, कारण ते तुलाही अजून नक्की नाहीये. "मला माहीत नाही, मला बघायचंय" एवढंच सांग. आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, मरायचे विचार येत असतील तर हे पत्र बाजूला ठेव आणि आजच घरात कुणाला तरी सांग, किंवा १४४१६ ला फोन कर, तो टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तसं नसेल तर येत्या सुट्टीत एक काम कर. तुमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात जा आणि ओपीडीबाहेरच्या बाकावर तीन तास नुसता बस. कुणाला काही विचारू नकोस. तिथला सगळ्यात लहान डॉक्टर शोध, इंटर्न असतो, स्टेथोस्कोप गळ्यात आणि डोळ्यांत झोप, तो काय काय करतो ते बघ, आणि तिथे उभं राहायला तुला आवडेल का ते बघ. मग मला परत लिही. सकाळी नऊच्या आत जा, नंतर केसपेपरच्या रांगेमुळे बाकावर जागा मिळत नाही.